दाद कुठं द्यायची? डब्लिन ते क्लेअर, सहा दिवस

मिरजेत वाढलेल्या माणसाला गाणं ऐकायला शिकवावं लागत नाही, असा माझा पक्का समज होता. आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असत आणि त्यांच्यातून वाट काढत आम्ही शाळेत जायचो. दर्ग्यातल्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेला वडिलांच्या मांडीवर बसून जागले आहे. 'वा' कुठं म्हणायचं, 'क्या बात है' कुठं, नुसती मान कुठं हलवायची, हे सगळं अंगात मुरलेलं. जुलैच्या सुरुवातीला लेकीकडे आयर्लंडमधल्या लिमरिकला गेले तेव्हा हा समज बरोबर नेला होता. परत येताना तो जरा खरचटलेला होता.

लेक म्हणाली होती, "आई, तू आलीसच आहेस तर शेजारच्या क्लेअर परगण्यात जाऊ. तिथं विली क्लॅन्सीचा आठवडा असतो." हा विली क्लॅन्सी कोण, ते तेव्हा माहीत नव्हतं.

(जाणाऱ्यांसाठी आधीच सांगते. शेंगेन व्हिसावर आयर्लंडला जाता येत नाही, त्यासाठी वेगळा आयरिश व्हिसा काढावा लागतो. आणि जुलै म्हणून सुती कपडे भरू नका. आम्हाला बहुतेक दिवस सोळा अंशांच्या आसपास मिळाले, वर वारा.)

पहिला दिवस : डब्लिन

विमानतळावर लेक घ्यायला आली होती. एक रात्र डब्लिनला काढून मग पश्चिमेकडे निघायचं ठरलं होतं. संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन होतं. झोप अनावर झाली होती, पण लेकीनं ओढत स्मिथफील्ड चौकातल्या कॉबलस्टोन या पबमध्ये नेलं. 'दारूचा गुत्ता, पण संगीताचं व्यसन जडलेला' अशा अर्थाची ओळख हा पब स्वतःच करून देतो. 2021 मध्ये त्या जागी हॉटेल उभारायचा बेत निघाला, तेव्हा डब्लिनकर वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. एका गुत्त्यासाठी मोर्चा काढणारी माणसं गाणं कसं ऐकतात, ते बघायचं होतं.

पहिली दहा मिनिटं माझी घोर निराशा झाली. कोपऱ्यात सात-आठ जण एका टेबलाभोवती कोंडाळं करून वाजवत होते. दोन फिडल (व्हायोलिनच ते), एक लाकडी बासरी, एक बटणांची पेटी, एक बौरान (बकऱ्याच्या कातड्याचा डफच म्हणा, पण हातात उभा धरून छोट्या काठीनं वाजवतात). तोंडं एकमेकांकडे, आमच्याकडे पाठ. मंच नाही, माइक नाही, "आता आपण ऐकणार आहोत" असं काही नाही. आणि ऐकणारे? ते चक्क गप्पा मारत होते! मला राग आला. आमच्याकडे बैठकीत कोणी इतकं बोललं असतं तर पुढच्या रांगेतून एका नजरेत गार झालं असतं.

मग एक सहा मात्रांची चाल आली. जिग. माझी बोटं आपसूक टेबलावर दादरा धरू लागली. धा धी ना, धा ती ना, अगदी बरोबर बसत होतं. मी खूश. चाल फिरून फिरून येत होती आणि तिसऱ्या फेरीच्या शेवटी, कुठंही न थांबता, सगळेच्या सगळे एकदम दुसऱ्या चालीत शिरले. स्वरही बदलला. त्याच क्षणी गप्पा मारणाऱ्या त्या गर्दीतून तीन-चार आवाज उठले : "हप्प!"

म्हणजे ऐकत होते तर. कानाचा एक कोपरा सतत तिकडेच होता.

शेजारी एक कॉलेजची मुलगी मांडीवर बासरी ठेवून बसली होती. तिला विचारलं, तू का वाजवत नाहीस? म्हणाली, "ही चाल मला येत नाही, म्हणून ऐकतेय." मग तिनंच समजावलं. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा आणि प्रत्येक दोनदा, म्हणजे एक फेरी बत्तीसची. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की दुसरी चाल, मग तिसरी, आणि तीन चालींचा मिळून एक 'सेट'. कोणती चाल पुढे घ्यायची ते बहुधा आधी ठरलेलं नसतं. सुरू करणारा नुसती भुवई उचलतो, बाकीचे पकडतात. ती उडी साधली की "हप!"

आमच्याकडे दाद समेला मिळते, इथं सांध्याला. झोपताना हेच डोक्यात घोळत होतं.

दुसरा दिवस : एनिस

रेल्वेनं लिमरिकमार्गे एनिस. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गाई आणि पाऊस.

एनिस हे क्लेअरचं मुख्य गाव. अरुंद गल्ल्या आणि दर चार दुकानांमागे एक पब. दुपारी एका साध्या खाणावळीत भाज्यांचं दाट सूप आणि सोडा घातलेल्या तपकिरी पावाची जाड कापं खाल्ली. वर खारट लोणी. शाकाहारी माणसाचं या देशात यावर उत्तम निभतं. आणि पबमध्ये गेलं म्हणून दारूच प्यायला हवी असं नाही. मी सगळीकडे चहा मागितला आणि बहुतेक ठिकाणी किटलीभर, दुधाच्या भांड्यासकट आला. कोणीही वळून बघितलं नाही.

रात्री मात्र माझं चुकलं. पबमध्ये गर्दी होती आणि कोपऱ्यात टेबलाभोवती चक्क चार खुर्च्या रिकाम्या. मी आनंदानं जाऊन एकीवर बसले, पर्स शेजारच्या खुर्चीवर. बारमागचा माणूस माझ्याकडे पाहून हसला, बोलला काही नाही. लेक पेले घेऊन आली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, ऊठ गं. ती त्यांची जागा असते."

"कुणाची? रिकामी तर आहे!"

"वाजवणाऱ्यांची."

तेवढ्यात फिडलची पेटी पाठीला लावलेले एक आजोबा समोर उभे राहिलेच. मी उठायला लागले तर म्हणाले, बसा बसा, तुम्ही काय वाजवता? माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. शेवटी त्यांनी एक स्टूल ओढून मला कोंडाळ्याच्या थोडं बाहेर, स्वतःच्या पाठीशी बसवलं. त्या रात्री मी सगळं संगीत फिडल वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून ऐकलं, आणि एक गोष्ट दिसली जी लांबून दिसली नसती. त्यांच्या बुटाची टाच. डाव्या पायाची टाच लाकडी फरशीवर पडत होती, हलकी पण घट्ट, आणि समोरच्या पेटीवालीची टाच तिला उत्तर देत होती. त्या खोलीतला खरा ठेका बौरानचा नव्हता, त्या टाचांचा होता.

सेट संपला की टाळ्या फुटकळ. वाजवणारे एक घोट घेतात, कोणीतरी "लव्हली" म्हणतं, कोणी चालीचं नाव विचारतं, आणि दोनदा तरी सुरू करणाऱ्यालाच ते माहीत नव्हतं. कोणी वाकून नमस्कार करत नाही. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं होतं.

(पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी : भिंतीकडच्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची सोडून द्या. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. लहान मुलं बरोबर असतील तर उन्हाळ्यात रात्री दहाच्या आत बाहेर पडा, तसा तिथला कायदाच आहे.)

तिसरा आणि चौथा दिवस : मिलटाउन मॅलबे

हे गाव म्हणजे एक लांब रस्ता. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. विली क्लॅन्सी याच गावचा, पेशानं सुतार आणि इलिन पाइप्स वाजवणारा. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच वर्षी मित्रमंडळींनी त्याच्या नावानं ही उन्हाळी शाळा सुरू केली. सकाळी शाळांच्या वर्गांत, लोकांच्या घरांत शिकवण्या चालतात, दुपारी व्याख्यानं, रात्री नाच, आणि मधल्या सगळ्या वेळात जिथं जागा मिळेल तिथं वाजवणं. बेकरीबाहेर दोन मुलं कॉन्सर्टिना वाजवत होती, एक दहाची, दुसरी फार तर आठची, आणि पाव घ्यायला आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत उभ्या. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना हे पूर्वी बायकांचं वाद्य समजत. आपल्या पेटीचंच षटकोनी पिल्लू.

मला ओढ होती ती पाइप्सची. स्कॉटलंडच्या बॅगपाइपसारखे हे तोंडानं फुंकत नाहीत. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, कोपरानं हवा भरायची. 'इलिन' हा शब्दच कोपरावरून आलेला. मांडीवर आडवे पडलेले तीन ड्रोन, म्हणजे एकच स्वर देणाऱ्या नळ्या, षड्ज धरून ठेवतात. ते सुरू झाले आणि मी लेकीचा हात दाबला. तंबोरा! तसाच भरलेला, किंचित करकरीत. 2017 मध्ये युनेस्कोनं ही कला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतली, हे भिंतीवर वाचलं, पण मला त्याआधीच पटलं होतं.

एका खोलीत वेताच्या जिव्हाळ्या तासत बसलेल्या कारागिराशी बोलता आलं. धारदार सुरीनं वेताचा तुकडा केसाएवढा खरवडायचा, ओठात धरून फुंकायचा, कान तिरपा करायचा, परत खरवडायचा. मी सांगितलं की आमच्या गावात तंबोऱ्याच्या घोडीवर अशीच जवारी काढतात, एक घास जास्त घासली तर आवाज मेला. त्यानं सुरी खाली ठेवली. मग अर्धा तास आम्ही दोघं फक्त पावसाबद्दल बोललो. पावसाळ्यात तंबोरा कसा उतरतो, दमट हवेत जिव्हाळी कशी रुसते. दोघांच्याही वाद्यांचं ओल्या हवेशी वाकडं, त्यामुळे विषय पुरला.

दुपारी एका बाईंनी पाइप्सवर संथ, बिनतालाची चाल वाजवली. याला एअर म्हणतात, मूळ गाण्याचे शब्द मनात ठेवून वाजवायची. दीडशे माणसांची शाळेची खोली, एक खुर्ची करकरली नाही. टाच नाही, हप नाही. मीही आता शहाणी झाले होते, ओठ मिटून बसले होते. पण एका जागी त्या वरच्या स्वरावरून अशा घसरत खाली आल्या, मध्ये एक कण थांबल्या, आणि माझ्या तोंडून निसटलंच : "वा!"

मोठ्यानं. मराठीत.

जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. लेक भिंतीकडे बघत होती. बाई वाजवत राहिल्या. चाल संपल्यावर शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "गुड वूमन. अगदी योग्य जागी." पुढे कोणी टाळ्या वाजवण्याआधी खोली दोन-तीन श्वास तशीच गप्प राहिली. ती शांतता त्या बाईंना टाळ्यांपेक्षा जास्त आवडली असावी, कारण टाळ्या सुरू झाल्यावर त्या लगेच भाता आवरू लागल्या.

संध्याकाळी एका पबच्या मागच्या खोलीत गाणं होतं, शॅन-नोस, म्हणजे जुनी रीत. साथ नाही, ताल नाही. बारजवळ दोघं बोलत होते तर कोणीतरी नुसतं "व्हिश्ट!" केलं आणि शेकोटीतला कोळसा फुटलेलाही ऐकू आला. गाणारे आजोबा डोळे मिटून, मान खाली घालून गात होते, जसं काही खोलीत कोणी नाहीच. गेलिक भाषा, मला एक शब्द कळला नाही. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या माणसानं त्यांचा हात हातात घेतला आणि दोघांचे गुंतलेले हात गाण्याच्या ओघानं गोल फिरू लागले. सावकाश, जड, मध्येच थबकत, परत फिरत.

जातं. मला दुसरं काही सुचेचना. माझी आजी आणि थोरली काकू जात्यापाशी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोन मुठी, आणि ओवी एकीची असली तरी फिरवणं दोघींचं. ओळीओळीच्या मध्ये लोक हळूच म्हणत होते, "मा हू", म्हणजे भले शाबास. शेवटची ओळ आजोबांनी गाइलीच नाही, साधी बोलून टाकली, जसं गोष्ट सांगणारा उठता उठता म्हणतो, झालं. हात सुटले.

तिथं एक प्रथा आहे, 'नोबल कॉल'. ज्यानं गाइलं त्यानं पुढचा गाणारा निवडायचा. आजोबांनी डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं. मी घसा धरला, सर्दीचं कारण सांगितलं. साफ खोटं. आजीची एक ओवी तर येतच होती मला. ते "पुढच्या वर्षी मग" म्हणाले आणि बोट पुढे सरकलं. हे अजून टोचतं.

या सगळ्यात शेवटची बस गेली. टॅक्सीला फोन केला तर दोन तास लागतील म्हणाले. या आठवड्यात मिलटाउनमध्ये खोली मिळणं अशक्य, आमचा मुक्काम लहिंचला होता. रस्त्याच्या कडेला दोघी उभ्या, वरून बुरबुर. एक जुनी गाडी थांबली. शेतकरी नवरा-बायको, दोघंही सत्तरीचे, बाईंच्या मांडीवर कॉन्सर्टिनाची पेटी.

त्या गाडीत मिळालं ते कुठल्याही व्याख्यानात मिळालं नसतं. बाई सांगत होत्या, त्यांच्या आईच्या तरुणपणी नाच घरांत व्हायचे, स्वयंपाकघरात. टाचेचा आवाज घुमावा म्हणून काही जण फरशीखाली घोड्याची कवटी पुरत. मग 1935 मध्ये कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना हवा. पाद्री आधीपासूनच घरच्या नाचांवर डोळा ठेवून होते, त्यांनी तो कायदा घराघरांत नेला. नाच हॉलमध्ये गेले, मोठा आवाज हवा म्हणून वाजवणाऱ्यांचे ताफे मोठे झाले. "आणि मग," बाई म्हणाल्या, "पाय एका खोलीत आणि कान दुसऱ्या खोलीत गेले." पबमध्ये बसून नुसतं ऐकणं हे त्यांच्या मते अलीकडचं खूळ.

उतरताना पेट्रोलचे पैसे देऊ केले तर दोघंही दुखावल्यासारखे झाले. लेकीनं मला चिमटा काढला.

(मिलटाउनसाठी : राहायची जागा चार-पाच महिने आधी बघा, लहिंच, एनिस्टायमन किंवा स्पॅनिश पॉइंटला. परतीची बस आधी बघून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.)

पाचवा दिवस : डूलिन

सकाळी मोहेरचे कडे. 214 मीटर उंच म्हणे. आम्हाला पांढरं धुकं दिसलं, आणि धुक्यात पक्ष्यांचा कलकलाट.

डूलिन हे टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवणाऱ्या मिको रसेलचं गाव. 1994 मध्ये तो गेला, पण त्याच्यामुळे आणि त्याच्या दोन भावांमुळे हे कोपऱ्यातलं खेडं जगाच्या नकाशावर आलं. नकाशावर येण्याची किंमतही दिसली. रात्री पबमध्ये माइक होते, वाजवणारे तिघं उत्तम होते, पण तोंडं आमच्याकडे केलेली. सहलीला आलेल्या मोठ्या टोळक्यानं दुसऱ्याच चालीला हात वर करून टाळ्या धरल्या. टाळ्या पुढे पळाल्या, वाजवणारे मागे खेचत होते, फिडलवाल्याचा जबडा आवळलेला स्पष्ट दिसत होता. उत्साह होता, नाही कशाला म्हणू? पण ऐकण्याआधीच दिलेली दाद होती ती. लेकीनं मात्र समुद्री माशांचं दाट सूप दोन वाट्या खाल्लं आणि इथंच राहू म्हणाली. मी पाव बुडवून चव घेतली. शाकाहाराचं काय ते मिरजेत सांगू नका.

सहावा दिवस : किलफेनोरा

जुन्या कॅथेड्रलमध्ये काचेच्या छपराखाली ठेवलेले बाराव्या शतकाच्या आसपासचे दगडी क्रॉस पाहिले. पण किलफेनोराचं नाव निघतं ते त्याच्या केली बँडमुळे, म्हणजे नाचाला साथ करणाऱ्या ताफ्यामुळे. 1909 पासूनचा, शंभरी ओलांडलेला ताफा. त्या गाडीतल्या बाईंनी बजावलं होतं, नाच बघितल्याशिवाय जाऊ नका.

एका सभागृहात नाच होता. चार जोड्यांचा चौकोन, म्हणजे आठ माणसं, असे दहा-बारा चौकोन. वय अकरापासून ऐंशीपर्यंत. रील, म्हणजे चार मात्रांची जलद चाल, सुरू झाली आणि ऐंशी-नव्वद टाचा एकदम लाकडावर पडल्या. ज्या संगीताला आठवडाभर मी कानानं ऐकत होते, त्याचा दुसरा अर्धा भाग इथं होता. वाजवणारे पायांकडे बघून लय ओढत होते, पाय लयीला उलट दाबत होते. कोण कोणाला दाद देतंय, ते सांगता येत नव्हतं.

एका टोपीवाल्या गृहस्थांचा जोडीदार कमी पडला. त्यांनी माझा हात धरला. मी गुडघा दाखवला, त्यांनी ऐकलं नाही. कोणीतरी ओरडलं, "घरभर फिरा, पण फडताळ सांभाळा!" स्वयंपाकघरातल्या नाचांच्या काळची ही आरोळी, कपबश्या फुटू नयेत म्हणून. फडताळ नव्हतं, पण मी दोन वेळा चुकीच्या चौकोनात घुसले आणि दोन्ही वेळा मला उचलल्यासारखं परत आणून ठेवलं. तिसऱ्या चालीच्या सांध्यावर मीसुद्धा "हप" म्हटलं. अर्धी मात्रा उशिरा, आणि दम लागल्यामुळे ते शिंकेसारखं आलं.

दुसऱ्या दिवशी लिमरिकला लेकीच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसले होते.

एनिसहून निघताना एक टिन व्हिसल घेतली होती, डी पट्टीची. पत्र्याची नळी आणि वर हिरवं प्लॅस्टिक, तिथलं सगळ्यांत स्वस्त वाद्य. मिरजेत आल्यापासून रोज संध्याकाळी गच्चीत बसून ती एक जिग काढायचा प्रयत्न करते, दादरा पायानं धरून. पहिला भाग जमतो. परवा पहिल्यांदा न थांबता दुसऱ्या भागात उडी मारली, आणि नेमक्या त्या सांध्यावर शेजारच्या काकूंनी खाडकन खिडकी लावून घेतली.